एकशे ब्याण्णव कोरी पानं

मी एक जुनी डमी आहे, मित्रांनो. मला उघडलंत तर तुम्हाला फसल्यासारखं वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते. वरून बघाल तर मी चांगली निळ्या कापडात बांधलेली, पुस्तकासारखं पुस्तक दिसते. आत मात्र एकशे ब्याण्णव पानं आहेत आणि जवळजवळ सगळी कोरी. नाही म्हणायला पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ आहे, आणि पुढे कुठे कुठे एखादं वाक्य. त्यांच्याबद्दल पुढे सांगेन.

पुस्तक छापायच्या आधी ते केवढं जाड होईल, हातात कसं बसेल, हे बघायला एक कोरी प्रत बांधतात. तिला डमी म्हणतात. मला एका म्हाताऱ्या बाइंडरनं बांधलं. नुसतं चिकटवलं नाही हं, दोऱ्यानं शिवलं. काम झाल्यावर त्यानं माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चला, ही काही आपल्या जन्मात सुटायची नाही." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. त्यानंतर दोनेक वर्षांनी एकदाच झालं, पण ते मला जास्त लागलं.

आमच्या छापखान्याच्या मालकांची एक पद्धत होती. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढायला कोणी आलं की ते लगेच हो म्हणत नसत. आधी डमी बांधून घ्यायचे, ती त्या माणसाच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, "महिनाभर घरी ठेवा. येता-जाता दिसेल अशा जागी. हिच्याकडे बघून धडधडलं तर या. लाज वाटली तरी या. पण काहीच वाटलं नाही, तर मात्र परत आणून द्या, दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला येईल." कितीतरी डमी अशा मुकाट्यानं परत यायच्या. मी नाही आले.

मला नेलं एका टेलरबाईनं. पन्नाशीची बाई, कानामागे पेन्सिल, गळ्यात मापाची टेप. टेप काढायची तिला आठवणच राहत नसे. तिच्या पिशवीत हातानं लिहिलेली एक जाड वही होती.

"लिहून झालंय, की लिहायचंय?" मालकांनी विचारलं.

"झालंय. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला शिवण शिकवलं. त्यांची सगळी पद्धत यात आहे. त्यांनी स्वतः कधी कागदावर रेघ ओढली नाही, सगळं हातात आणि डोक्यात."

"घरच्याखेरीज कोणी वाचलंय?"

"घरच्यांनीसुद्धा नाही."

"मग तीन परक्या माणसांना वाचायला द्या. प्रकाशक असला की तो 'थांबा' म्हणतो. आपलं आपण काढायचं म्हटलं की थांबा म्हणणारं कोणी नसतं. ते काम तुम्हालाच करावं लागेल. आणि हे पुस्तक पहिल्यांदा कोणाच्या हातात द्यायचंय?"

टेलरबाईनं पिशवीतल्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाली, "ताईंच्या, म्हणजे माझ्या जाऊबाईंच्याच. त्यांचे डोळे जात चाललेत. डॉक्टर म्हणतात, एखादं वर्ष दिसेल, पुढचं सांगता येत नाही. दिसतंय तोवर त्यांना ते बघता यायला हवं."

मालकांनी बांधून तयार असलेली मी तिच्या पुढ्यात ठेवली. तिथेच टेबलावर टेकून तिनं मला उघडलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'ताईंच्या हातात देण्यासाठी.' तीच ती ओळ.

तिच्या घरी मला शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर जागा मिळाली, दोऱ्याच्या रिळांच्या शेजारी. तिथून सगळं दिसायचं. खिडकीपाशी खुर्चीत ताई बसायच्या. घरातले सगळेच त्यांना ताई म्हणत. बोलणं तुटक, नजर कडक. टेलरबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिनं शिवलेली पहिली कॉलर ताईंनी अकरा वेळा उसवली होती म्हणे. अकराव्या वेळी ती रडली, तेव्हा ताई म्हणाल्या, "रडून झालं की बाराव्यांदा लाव." बारावी कॉलर अशी बसली, की ती अजून एका डब्यात जपून ठेवली आहे.

महिना झाला. तिचं धडधडत होतं, मला वरून दिसायचं ना. पण छापखान्यात जायच्या आधी तिला तीन वाचक हवे होते. इथेच घोडं अडलं.

पहिली वाचक शेजारच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. त्या म्हणाल्या, "विषय छान आहे हो, पण भाषा फारच घरगुती. पुस्तकाला शोभेल असं लिहा." दुसरा तिचा भाचा. तो म्हणाला, "मामी, एवढं कोण वाचणार? दहा मिनिटांत फ्रॉक, असं काहीतरी टाक." तिसरी एक जुनी गिऱ्हाईक. ती म्हणाली, "यात तुमच्या जाऊबाईच फार आहेत. आम्हाला त्यांचं काय?"

आता यात वाईट कोणीच बोललं नव्हतं, मित्रांनो. वाचायला दिलं, त्यांनी सांगितलं. पण माझी टेलरबाई पडली टेलर! गिऱ्हाइकानं ट्रायलला उभं राहून म्हटलं, इथे घट्ट होतंय, की तिथे सैल करायचं. लांब वाटतंय म्हटलं की दुमडायचं. तीस वर्षं तिनं हेच केलं होतं आणि कधी कोणाचं कापड परत आलं नव्हतं. तिनं पुस्तकालाही तेच केलं. मास्तरीणबाईंच्या मापानं भाषा बदलली, भाच्याच्या मापानं धडे आखूड केले, गिऱ्हाइकाच्या मापानं ताईंना काढून टाकलं. दुसरी वही झाली. मग आणखी तिघांना दिली. तिसरी वही झाली. मग चौथी. एक कपडा दहा जणांच्या अंगावर घालून बघितला तर तो कोणाला बसणार? हे तिला कापडाबाबत पाठ होतं. कागदाबाबत कळलं नाही. आणि मी फळीवर बसून नुसती चरफडत होते.

ताई रोज विचारायच्या, "झालं का गं?"

"शेवटचा हात फिरवतेय, ताई."

"इकडे आण. मला बघू दे."

"कच्चे टाके आहेत अजून. पक्कं झालं की दाखवते."

खरं सांगू? ती घाबरत होती. पुन्हा अकरा वेळा उसवायला लागलं तर, ही ती भीती. जगातल्या सगळ्या परक्यांना तिनं ते लिखाण दाखवलं आणि जिच्यासाठी लिहिलं तिला एक पानसुद्धा दाखवलं नाही. मला हे अजूनही सहन होत नाही.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. तिच्याकडे जुना कागद कधी वाया जात नसे. वर्तमानपत्र असो की कॅलेंडर, त्यातून कॉलरीचे, बाह्यांचे पॅटर्न, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे नमुने, काढायचे आणि खुंटीला टांगायचे. दुसरी वही झाल्यावर पहिलीचं काय काम? एका दुपारी तिनं पहिल्या वहीची शिवण उसवली आणि तिच्या पानांचे पॅटर्न कापले. करकर करकर कात्री चालत होती. मी फळीवरून बघत होते. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

चौथी वही चालू असताना ताईंच्या डोळ्यांपुढचा उजेड गेला. एकदम नाही. आधी सुईचं नाक दिसेना, मग रंग कळेनात, मग एक दिवस त्या दिवा लावा म्हणाल्या आणि खोलीत तर लख्ख ऊन होतं. टेलरबाई उठली, दिव्याचं बटण दाबल्याचा नुसता आवाज केला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून बसली. त्या दिवसापासून 'झालं का गं' हा प्रश्न बंद झाला. ती चौथी वही मिटली ती मिटलीच.

पुढच्या वर्षी ताईंच्या छातीत कफ धरला. औषधं झाली, डॉक्टर दोनदा येऊन गेले आणि दाराबाहेर हळू आवाजात बोलून गेले. एका दुपारी ताई उशीला टेकून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकाचं काय झालं?"

टेलरबाईच्या तोंडून निघून गेलं, "आलंय ना, ताई. कालच आलं."

आणि तिनं मला फळीवरून काढलं. माझ्यावर बोटभर धूळ होती. पदरानं पुसून तिनं मला ताईंच्या मांडीवर ठेवलं.

मित्रांनो, त्या हातांचं काय सांगू तुम्हाला! सुकलेली बोटं, पण एकदा कापडावर पडली की शहाणी. त्यांनी माझ्या कडा चाचपल्या, कोपरे दाबून बघितले, मग पाठीच्या आत नख घालून टाके मोजले. "शिवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "चिकटवलेलं नाही. टाका सरळ आहे. बरं केलंस." हेच ते दुसरं कौतुक.

मग म्हणाल्या, "वाच."

टेलरबाईनं मला उघडलं. चौथ्या वहीतलं जे आठवलं ते ती म्हणू लागली, "वस्त्रनिर्मिती ही मानवी संस्कृतीची एक प्राचीन व महत्त्वपूर्ण..."

"हे कोण बोलतंय?" ताईंनी विचारलं.

ती थांबली. आणि मग पहिल्या वहीतलं बोलू लागली, आपल्या रोजच्या बोलीत. माप घेताना माणसाशी काहीबाही बोलत राहायचं, म्हणजे तो श्वास रोखून धरत नाही. एकाच खांद्यावर ओझं वाहणाऱ्याचा तो खांदा खाली गेलेला असतो. तिथे कॉलर हळूच उचलून घ्यायची, आणि ते त्याला सांगायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं नवं जाकीट शिवताना खिसा जुन्याच जागी ठेवायचा, हात सवयीनं तिथेच जातो. हे मला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी शिकवलं, आणि शिकवताना माझी पहिली कॉलर अकरा वेळा उसवली.

ताई हसल्या. "अकरा नाही गं, नऊ. तू उगीच वाढवून सांगतेस."

"अकराच, ताई!"

"बरं बाई, अकरा. पुढे वाच."

ती वाचत राहिली, म्हणजे बोलत राहिली. असं सुरेख, की मीसुद्धा कान देऊन ऐकत होते. एकही शब्द परक्याच्या मापाचा नव्हता. हेच ते पुस्तक. ते दोन वर्षांपूर्वीच तयार होतं.

बराच वेळ झाला. ताई डोळे मिटून पडल्या होत्या. मग त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझं पान बोटांत धरलं आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "अगं, पान उलट. केव्हाची एकाच पानावर आहेस."

टेलरबाईनं त्यांच्याकडे बघितलं. ताईंना माहीत होतं. शाईचा वास नाही, पान उलटल्याचा आवाज नाही, सगळं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली. "चुकलं माझं, ताई. मी तुम्हाला दाखवायला हवं होतं."

"हो, चुकलं," ताई म्हणाल्या. त्या खोटं कधीच बोलत नसत. "मी एवढी का वाईट होते गं? उसवलं असतं, पण बघितलं तर असतं." मग तिच्या केसांवर हात ठेवून म्हणाल्या, "रडून झालं की पुढचं पान घे."

संध्याकाळपर्यंत तिनं माझी पानं उलटली, एकेक करून, सगळी. चौथ्या दिवशी ताई गेल्या.

भेटायला छापखान्याचे मालक आले होते. खुर्चीवर पडलेली मी त्यांना दिसले. "मी तुम्हाला 'थांबा' म्हणायला शिकवलं," ते म्हणाले. "'पुरे' म्हणायला शिकवायचं राहिलं. माफ करा."

त्या दुपारी ती जे बोलली ते तिला पुन्हा तसं जमेना. कागद घेऊन बसायची, दोन ओळी लिहायची आणि थांबायची. मग एक दिवस तिला खुंटीवरचे पॅटर्न आठवले. तिनं सगळे खाली काढले. एका कॉलरीवर अर्धं वाक्य, एका बाहीवर तीन ओळींची टोकं. काही पॅटर्न तर गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर कुठे गेले कोण जाणे. उरलेले तिनं माझ्या पानांत एकेक करून ठेवले. आता मी उघडले की आतून कागदी कॉलरी डोकावतात. रोज काम आटपलं की ती एक पान उलटते, तिथल्या कॉलरीवरचं अर्धं वाक्य वाचते आणि उरलेलं अर्धं आठवत बसते. आठवलं तर माझ्या पानावर लिहिते. आजवर अशी चौदा वाक्यं पुरी झाली आहेत. कितीतरी अर्धीच राहणार, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी पुस्तक काढाल. ते केवढं जाड होईल, एवढंच माझ्यासारखी डमी तुम्हाला सांगू शकते. तयार झालं की नाही, ते सांगू शकत नाही. ते विचारायला परक्यांकडे जरूर जा, पण त्यांच्याआधी ज्याच्यासाठी लिहिलं आहे त्याच्याकडे जा. तो उसवेल, रागावेल, तरी जा, आणि त्याला दिसतंय तोवर जा. तुमची पहिली वही कितीही वेडीवाकडी असली तरी कात्रीपासून जपून ठेवा.

माझ्या पहिल्या पानावरची ती ओळ टेलरबाईनं अजून खोडलेली नाही. ताईंच्या हातात देण्यासाठी. तशी मी दिली गेले त्यांच्या हातात. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, माझे टाके मोजले, मला बरी म्हणाल्या. आणि तेव्हा मी कोरी होते.