खांदा देण्याचा शब्द

न्यूयॉर्कला जाण्याआधी न्यू हेवनच्या चाचणी-प्रयोगांत नाटक कापले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र माझे ‘रिकामी खुर्ची’ हे गाणे कापणे योग्य नव्हते, हे मी आजही कोणालाही सिद्ध करून देईन. संगीतिकेची संहिता माझी, एकोणीस गाणीही माझी; पण अकरा आठवडे घासूनपुसून निर्दोष केलेले गाणे हे एकच. नायिका ते पडद्यापुढे उभी राहून म्हणे, आणि तेवढ्या अवधीत पडद्यामागे बंदराचा देखावा जाऊन स्वयंपाकघराचा येई.

“सीमोर, त्या गाण्याला लोक खोकतात,” दिग्दर्शक प्रूइट म्हणाला.

“फेब्रुवारी आहे. लोक सगळ्यालाच खोकतात.”

“विनोदांना नाही खोकत. देखावा बदलायला वेळ लागतो, म्हणून ठेवलंय ते.”

हा आधार पक्का करावा म्हणून मी मुख्य सुतार फिनबार हॅनिगनला गाठले. “हॅनिगन, स्वयंपाकघर लावायला दोन मिनिटं लागतात, एवढं प्रूइटला सांगाल?”

“दोन मिनिटं?” त्याने हातोडी खाली ठेवली. “प्रोफेसर, तीस वर्षं झाली या धंद्यात. हळू म्हणून कुणाची बोट दाखवायची छाती झाली नाही. माझी माणसं चाळीस सेकंदांत लावतील!”

हे त्याने प्रूइटलाही ऐकवले. गाणे त्याच दुपारच्या खेळातून गेले.

चाळीस सेकंदांनी पडदा उघडला. भिंत जहाजात घुसली होती, चूल आडवी झाली होती, आणि नायिकेची आई नांगराला टेकून म्हणत होती, “बस बाळ, सूप गरम आहे.” प्रेक्षक एकदाही खोकले नाहीत, त्यांना हसण्यातून सवडच नव्हती.

“गाणं कुणी काढलं?” हॅनिगन गरजला. “माझी माणसं त्यावर चालतात!”

“मग चाल वाजवू की,” प्रूइट म्हणाला. “शब्द कशाला हवेत?”

“चाल चारदा तीच फिरते, साहेब! अंधारात काय कळणार? ‘खुर्ची’ला भिंत उचलायची, ‘अजूनही’ला खांदा द्यायचा, ‘पाऊल’ला चूल सोडायची. वाटल्यास उद्या तुम्ही या उचलायला.”

माझ्या शब्दांची इतकी काटेकोर समीक्षा त्यापूर्वी किंवा नंतर कोणीही केलेली नाही. गाणे परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मला दिसले की ‘अजूनही’ हा निव्वळ भरीचा शब्द आहे. तेथे ‘उद्याही’ हवा. त्याने सारी ओळ उजळते. मी अर्ध्या दाढीनिशी कागद घेऊन हॅनिगनकडे धावलो. त्याने तो दोनदा वाचला.

“झकास आहे.”

“मग बदलू?”

“तिथं आम्ही खांदा देतो, प्रोफेसर. आधी भिंतीला विचारा.”

न्यूयॉर्कात ते नाटक पावणेतीन वर्षे चालले. मी मागे उभा राहून प्रत्येक खेळात तो भरीचा शब्द ऐकला. भिंत एकदाही चुकली नाही.