बुडाखालची माती

"तोंडं फिरवा, मेल्यांनो," वेलिका कुंपणाकडे बघून म्हणाली, "नाहीतर घेवड्याऐवजी तुमचे डोळेच पेरीन."

कुंपणापलीकडचे बाप्ये हसत पाठमोरे झाले. रोडोपीच्या त्या डोंगरगावात घेवडा कधी पेरायचा, ते वेलिका ठरवायची. परकर वर करून उघड्या बुडानं वाफ्यात बसायची. माती ऊबदार लागली की पेरा, गार लागली की थांबा. गार मातीत बी कुजतं, आणि कोंब आलाच तर तो रुसलेल्या जावयासारखा जागचा हलत नाही.

"एका साली माती अशी तापली होती," ती सांगायची, "की पाद्रीबाबांनी संध्याकाळी वेलाला शेळी बांधली, नि सकाळी ती वेलाबरोबर वर जाऊन आधाराच्या काठीच्या टोकावर बसून पाला खात होती."

यंदा मात्र ती बसली आणि तिला काही कळेचना. हिवाळ्यात बर्फावरून घसरून पडल्यापासून कमरेखाली सगळं बधिर होतं. ऊन की गार? माती होती, एवढंच.

"काकू, पेरायचं ना?" कुंपणापलीकडून मेतोदीनं मागे न वळता विचारलं. "मी बी भिजत घातलंय."

"तुला कुणी सांगितलं होतं घालायला?"

ऊन चांगलं पडलं होतं. "पेरा" म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. पण चुकलं असतं तर सगळ्या गावाचं बियाणं मातीत गेलं असतं. वेलिका कशीबशी उठली. तिनं शहरातून आलेल्या नव्या सुनेला हाक मारली.

"देनित्सा, बस इथं. मी शाल धरते."

"आई, मला लाज वाटते."

"ती घरात ठेवून ये."

देनित्सा आडोशाला बसली. "ऊबदार आहे की."

"वरचं ऊन फसवं असतं गं. नीट टेक. खालून काय येतंय?"

सुनेनं सगळा भार मातीवर टाकला. मग म्हणाली, "गारवा चढतोय. पार हाडात. तुम्हीच बघा ना बसून."

"मला आता दगडसुद्धा गादीच वाटतो."

देनित्सानं मान वर करून सासूकडे पाहिलं. मग पुन्हा नीट टेकून बसली. "नाही आई. अजून थांबायला हवं."

"थांबा रे," वेलिका कुंपणाकडे खणखणीत ओरडली.

"तुम्ही म्हणताय ना, काकू?"

"माझी सून म्हणते."

पलीकडे जरा कुजबुज झाली. "बरं," मेतोदी म्हणाला, "मग भिजलेल्याची आज उसळ करतो."

माणसं पांगली. वेलिकाचे हात भरून आले होते, पण सुनेनं अंगाची माती झटकून परकर नीट करेपर्यंत तिनं शाल खाली येऊ दिली नाही.