गव्हाणीच्या फळ्या

सुतारांशी माझं त्या दिवशी सकाळीच वाजलं. सुतार म्हणजे माझा नवरा. लग्नापासून मी त्यांना याच नावानं हाक मारते. तीन महिने घरात काम नव्हतं, आणि हा माणूस रोज उठून रंध्याचं पातं परजत बसायचा. कोणाची मान कापायचीय, मी विचारलं. ते नुसते हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काम का नव्हतं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मळेवाल्याच्या म्हाताऱ्या आईची शवपेटी आमच्या सुतारांनी केली. ती आजारी असतानाच लेकानं नव्या, जाड फळ्या आणून आमच्या अंगणात टाकल्या होत्या. दफनाच्या वेळी पेटी खड्ड्यात सोडताना वाऱ्यानं वरची चादर उडाली, आणि एका फळीच्या कडेला दाव्यानं घासून पडलेली खाच उघडी पडली. मळेवाल्यानं ती लगेच ओळखली. त्याच्याच गोठ्यातली, मोडीत काढलेली गव्हाण होती ती.

"माझ्या आईला जनावरांच्या लाकडात घातलं यानं," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आणि नव्या फळ्या गिळल्या."

सुतार मान खाली घालून उभे राहिले. पाद्रीबाबांनी बाजूला घेऊन विचारलं, तरी चोरी केली नाही यापलीकडे एक शब्द नाही. मग रविवारचं शास्त्रवाचन त्यांच्याकडून काढून घेतलं. लोक दारं-खिडक्या परगावाहून आणू लागले. घरी मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "न्याय करणारा वर आहे. त्याला माहीत आहे." सांगायला लाज वाटते, पण मला वाटायचं, चोर असाच देवाच्या आड लपतो.

त्या दुपारी शेतातून परतताना गारांनी मला गाठलं. धावत जाऊन मी पहिल्या दिसलेल्या घरात शिरले. ते मळेवाल्याच्या बहिणीचं निघालं. त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून भावानं तिला तोडलं होतं, आणि विधवा झाली तरी उंबरा चढू दिला नव्हता. गावही त्याच्या धाकानं तिच्याकडे फिरकत नसे. दाराच्या जागी पोतं लावून राहायची बिचारी. आता तिथं जाडजूड दार होतं, बाहेरून डांबर फासलेलं. तिनं ते लोटलं आणि वारा तिथल्या तिथं थांबला. आतल्या बाजूनं लाकूड कोरं होतं. आमच्या अंगणात पडलेल्या फळ्या मी ओळखणार नाही तर कोण?

"आईनंच सुतारमामांना सांगितलं," ती म्हणाली. "येशूबाळ गव्हाणीत निजलं, मला काय होतंय, म्हणाली. माझ्या फळ्यांचं लेकीला दार करा. भावाला कळलं तर उखडून नेईल, म्हणून तिनं मामांना कोणाला न सांगण्याची शपथ घातली."

मग खाली बघत म्हणाली, "मामी, गाव काय बोलतं ते ऐकते मी. तुम्ही म्हणाल तर रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगते. दार गेलं तर गेलं."

'सांग' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. त्या एका शब्दानं माझं घर पुन्हा घर झालं असतं. तेवढ्यात कोपऱ्यात तिचं लेकरू झोपेत खोकलं. किती तरी वेळ खोकत होतं. "नको," मी म्हटलं, आणि म्हणताना माझा जीव तुटला.

वाटेत नळावर बायकांनी नेहमीसारखं विचारलं, कबूल झाला का गं? रोज मी कपाळाला हात लावून नवऱ्याला शिव्या घालायचे, म्हणून त्या मला त्यांच्यात घेत होत्या. आज म्हटलं, "माझा नवरा चोर नाही." कशावरून, विचारलं तर मी पुन्हा तेच म्हटलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपापल्या घागरी बाजूला ओढून घेतल्या.

घरी येऊन मी सुतारांजवळ जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं.

"कोणाला बोललीस?"

"नाही. पण मी पण तुम्हाला चोरच समजत होते."

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "गावाचं बोलणं त्या वरच्यावर सोपवलं होतं. तुझं नाही सोपवता आलं." आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा रडले.