शनवार तेल्याची खोली

"सत्तावीस वर्षं झाली क्वीनी, माझ्या हातून चढलेली जर्सी एकाही पोराच्या अंगात अडकलेली नाही. एकाही. लिहून ठेव."

ज्युडा झिराडकरने फोनवर बायकोला हे ऐकवलं तेव्हा त्याच्यासमोर जेसी नावाचा एकशे चाळीस किलोंचा पोरगा नव्या जर्सीत अडकून उभा होता. दोन्ही हात वर, डोकं आत, पोट बाहेर. बुजगावणं तरी वाऱ्याने जरा हलतं.

"मिस्टर झेड," जर्सीच्या आतून आवाज आला, "आय कान्ट फाइंड द होल."

"कोण बोलतंय ते?" क्वीनीने विचारलं.

"कोणी नाही. तू घरातलं खोबरेल घेऊन ये. असेल तेवढं सगळं."

कॅनडातल्या एडमंटनपासून तासाभरावर, गव्हाच्या शेतांच्या मधोमध एक लहानसं कॉलेज आहे. त्याची फुटबॉलची, म्हणजे हेल्मेट घालून चेंडू हातात घेऊन पळायच्या तिकडच्या फुटबॉलची, टीम म्हणजे मस्करॅट्स, मराठीत सांगायचं तर पाणघुशी. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी तो माणूस कबूल करणार नाही. मैदानाला एका बाजूने अॅल्युमिनियमच्या पायऱ्या आणि त्यांच्या पोटात एक लांबट खोली. हेल्मेटं, खांद्याचे पॅड, जर्स्या, बूट, सगळं त्या खोलीत. आणि त्या सगळ्याचा मालक ज्युडा. कागदावर तो इक्विपमेंट मॅनेजर होता.

खोलीचं दार आपोआप मिटून कुलूप लागणारं होतं, आणि उघडायची किल्ली एकच. म्हणून ज्युडा दारात सोळा नंबरचा एक जुना बूट अडकवून ठेवायचा. त्या बुटाचा धनी पदवी घेऊन कधीच कॅल्गरीला तेल कंपनीत लागला होता. बूट मात्र नोकरीत कायम होता.

ज्युडाचे आजोबा रेवदंड्याचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथच्या सुट्टीला, बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाणा गेला, रेवदंडा सुटला, पण शनिवार सुटला नाही. आता फुटबॉलच्या मॅचेस नेमक्या शनिवारी. दुसरा कोणी असता तर त्याने देव तरी बदलला असता, नाहीतर खेळ. ज्युडाने शुक्रवार वापरला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत अठ्ठेचाळीस खुंट्यांवर अठ्ठेचाळीस संच तयार. जर्सी पॅडवर चढवलेली, मोजे बुटात, बुटाच्या नाड्या सैल केलेल्या. खोलीतला हीटरही शुक्रवारीच लावून ठेवलेला, कारण शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत बटण, किल्ली, फोन, गाडी कशालाच हात लावायचा नाही. शनिवारी पोरांनी यायचं, आपापला नंबर उचलायचा, अंगात घालून पळायचं. ज्युडा घरून वीस मिनिटं चालत येऊन बाहेर खुर्ची टाकून पाहुण्यासारखा बसायचा. ही व्यवस्था इतकी चोख होती की तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. व्यवस्था नाहीच असं सगळ्यांना वाटायचं.

विक्रम साठेलाही तसंच वाटलं. विक्रम हा नवा अॅथलेटिक्स डायरेक्टर. वय एकेचाळीस, जन्म कॅल्गरीचा, मराठी मात्र आईच्या फोनमुळे टिकलेलं. मे महिन्यात आला आणि ऑगस्टपर्यंत त्याने स्टेडियम नवं केलं. नवा स्कोअरबोर्ड, नवे शॉवर, फोनवर उघडणारे लॉकर, आणि नवा युनिफॉर्म. तो युनिफॉर्म पहिल्या सराव मॅचच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी चारला येऊन पोचला.

पाचला विक्रम स्वतः आला. दारातला बूट त्याने सवयीने उचलून रॅकवर नीट ठेवला. मागे दार धाडकन लागलं.

"ज्युडाकाका, दारात काही ठेवायचं नाही. फायर कोड. आणि हा हीटर अनप्लग करा, मी ईमेल केला होता." मग त्याला जेसी दिसला. "हे काय आहे?"

"हा तुझा नवा युनिफॉर्म आहे," ज्युडा म्हणाला. "आत जेसी आहे."

"हाय, सर," आतून आवाज आला.

"असं कसं? मी सगळ्यांकडून ऑनलाइन फॉर्म भरून घेतला. साइझ त्यांनीच टाकलेत."

"टी-शर्टचे टाकलेत. पॅड घातले की पोरगा कपाटाएवढा होतो. तू घरी कपाटाला टी-शर्ट घालतोस का?"

विक्रमने टॅबलेटकडे बघितलं. टॅबलेटमध्ये कपाट नव्हतं. "इट्स अ मॉडर्न फिट. तुम्ही मॅनेज कराल. उद्या स्टेडियमला पैसे देणाऱ्या डोनरबाई येतायत, मी स्वतः एक नंबरची जर्सी घालून टॉसला जाणार आहे. त्या जर्सीवर त्या सही करतील आणि ती फ्रेम करून लाउंजमध्ये लावायची."

"कुठल्या लाउंजमध्ये?"

विक्रमने आवाज मऊ केला. "काका, मैदानाकडे उघडणारी खिडकी फक्त या रूमला आहे. सोमवारी वॉल तोडतायत. डोनर लाउंज होणार. युनिफॉर्मचं काम बाहेरच्या कंपनीला देतोय. पण मी तुमच्यासाठी नव्या बिल्डिंगमध्ये एक डेस्क ठेवलाय. फक्त उद्या सकाळी तुम्ही स्कॅनरवर हवेत. प्रत्येक पोराची जर्सी स्कॅन करायची, बस."

"उद्या शनवार आहे."

"मॅच शनिवारीच असते, काका."

"सत्तावीस वर्षं शनवारीच असते. आणि सत्तावीस वर्षं मी शनवारी खुर्चीत बसतो. कुठलं पोर उघडं पळालं कधी?"

"मग डेस्क जमणार नाही. मी एक छान प्लाक करून देईन तुमच्या नावाची."

"ती फळी तुझ्या लाउंजमध्ये लाव. माझ्या घरी भिंत नाही."

"काका, बी रीझनेबल. उद्या मॅचनंतर किल्ली तरी द्याल ना?"

ज्युडाने कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवली. सोडवायला वेळ लागला, कारण ती कधी सुटलीच नव्हती. "आत्ताच घे. साडेआठनंतर मी किल्लीला हात लावत नाही. आज जाताना दार मी ओढून घेईन. उद्या सकाळी उघडायचं काम तुझं."

विक्रम किल्ली घेऊन गेला. ज्युडाने बूट पुन्हा दारात लावला. हीटरकडे बघितलं आणि त्याचा काटा एक घर वर सरकवला.

क्वीनी आली ती चार बाटल्या घेऊन. खोलीत शिरताच तिने जेसीच्या पोटाकडे बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"अहो, या पोराला जेवायला कोण घालतं?"

"आधी बाहेर काढ, मग विचार त्यालाच."

दोघांनी पॅडवरून तेल चोळलं. जर्सी सुळकन खाली उतरली आणि जेसीचं लाल झालेलं तोंड बाहेर आलं. त्याने दीर्घ श्वास घेतला. "स्मेल्स लाइक कुकीज," तो म्हणाला आणि स्वतःचा खांदा हुंगू लागला.

"आता उरलेल्या सत्तेचाळीसांना लावू," ज्युडा म्हणाला. "आणि विक्रमच्यालाही."

"त्या विक्रमला कशाला? तो तुम्हाला हाकलतोय ना?"

"हाकलू दे. माझ्या खोलीतून जर्सी जाणार तर ती अंगात जाणार."

आठ वाजून दहा मिनिटांनी शेवटची जर्सी खुंटीवर लागली. क्वीनीच्या कोपरापर्यंत तेल होतं. "तुमच्या आजोबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, पोरगा परत धंद्यात आला," ती म्हणाली. ज्युडाने हात पुसले आणि किल्लीच्या जागी कमरेला सवयीने चाचपलं. तिथे काही नव्हतं.

कोकणात वाढलेल्या माणसाला खोबरेल ही पातळ वस्तू वाटते. कॅनडात तीस थंड्या काढून, दर जानेवारीत बाटली गरम पाण्यात बुडवून ठेवूनही, ज्युडाच्या मनातलं खोबरेल पातळच होतं. शिवाय ऑगस्ट चालू होता.

शनिवारी सकाळी तापमान सहा अंश होतं आणि उत्तरेचा वारा सुटला होता.

विक्रमने साडेनऊला दार उघडलं. खोलीत हीटरमुळे ऊब होती. पोरं आली, आपापला नंबर उचलला, जर्स्या सुळसुळ अंगात गेल्या. विक्रमने कोट दाराजवळच्या खिळ्याला लावला, फोन बाकावर ठेवला, आणि त्याची एक नंबरही गेली. स्कॅनर चालू झालाच नाही, त्याला आधी अपडेट हवा होता. पण तोवर सगळे तयार होऊन बाहेर पडलेही होते. ज्युडा खुर्चीत बसून बघत होता. त्याने मनातल्या मनात सत्तावीस वर्षांच्या हिशेबाखाली एक मोठी रेघ ओढली.

पहिली वीस मिनिटं टीम झकास खेळली. मग पॅड आणि जर्सी यांच्या मधलं तेल गोठलं.

आधी हात खाली येईनात. मग मान वळेना. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायला हात मागे नेला, तो तिथेच राहिला, आणि समोरच्या टीमच्या एका पोराने तो चेंडू फळीवरून डबा काढावा तसा काढून घेतला. पांढऱ्या जर्स्यांवर पिवळसर डाग उमटले. रेफरीने जेसीच्या खांद्याला बोट लावून वास घेतला, दुसऱ्या रेफरीला दिला, दोघांनी नियमांचं पुस्तक काढलं. चिकट वस्तूंवर त्यात एक पान होतं. खोबऱ्यावर काही नव्हतं. टीम एकेचाळीस-सहाने हरली. ते सहा जेसीचे. चेंडू त्याच्या ताठ काखेत अडकला आणि कोणालाच ओढून काढता आला नाही, तेव्हा तो चालत शेवटच्या रेषेपार जाऊन आला.

"मिस्टर झेड, माय फर्स्ट टचडाउन," खुर्चीपाशी येऊन तो म्हणाला. मिठी मारायला त्याने हात पसरायचा प्रयत्न केला, पण ते आधीच पसरलेले होते.

नव्या शॉवरला गरम पाणी यायचं होतं. ते सप्टेंबरात येणार असं दारावर लिहिलं होतं. अठ्ठेचाळीस पोरं थंड पाण्याखाली उभी राहिली आणि आणखी गोठून बाहेर आली. तेव्हा जेसीला आठवलं की आख्ख्या स्टेडियममध्ये एकच जागा गरम आहे.

ते रांग लावून आले. सहा-सहा जण हीटरभोवती उभे राहिले, हात वर करून, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखे. दहा मिनिटांत तेल सुटायचं आणि मग एकमेकांच्या जर्स्या ओढून काढायचे. खोलीत खोबऱ्याच्या वड्या थापल्यासारखा वास भरला. ज्युडा दारातल्या बुटाशेजारी बसून होता. त्याने कशालाही हात लावला नाही. काढलेली जर्सी कुठे ठेवायची हे कोणी विचारलंही नाही. ज्याची त्याची खुंटी ज्याला त्याला ठाऊक होती.

शेवटी विक्रम आला. त्याच्या पाठीवर डोनरबाईंची मोठी सही होती, त्यामुळे कात्री लावायची सोय नव्हती. तो हीटरसमोर हात वर करून उभा राहिला. खिडकीतून रिकामं मैदान दिसत होतं.

"हा हीटर अनप्लग करायला सांगितलं होतं मी," विक्रम म्हणाला.

"सांगितलं होतंस."

"तुम्ही मुद्दाम नाही केलात."

"मुद्दाम. शब्बाथची ऊब शुक्रवारीच लावून ठेवतात. कोणाच्या कामी येईल सांगता येत नाही."

जेसीने जर्सी ओढली. ती निघाली, आणि पॅडही निघाले. विक्रम बनियनवर राहिला. त्याने हात खाली केले आणि ते खाली आले याचं त्यालाच बरं वाटलं.

"डोनरबाई म्हणाल्या, त्यांना इतकं हसायला कधी आलं नव्हतं. पुढच्या मॅचला पण येतायत." त्याने खुंट्यांवरून नजर फिरवली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, सगळ्या भरलेल्या. "ओके. वॉल सोमवारी नको. ख्रिसमसपर्यंत थांबू."

"ख्रिसमसशी माझा काय संबंध?"

जेसीने शूज घातले आणि दोघांकडे बघत हळूच बाहेर सटकला.

"ओके. नाही तोडत," विक्रम म्हणाला. "लाउंज दुसरीकडे बघतो." खिशातून किल्ली काढून त्याने पुढे केली. "घ्या, काका."

ज्युडाने किल्लीकडे बघितलं. हात मांडीवरच ठेवला. "आज घेत नाही. आत खिळ्यावर लाव. उद्या सकाळी मी घेतो."

विक्रमने ती दाराजवळच्या खिळ्यावर लावली. मग "चला, तुम्हाला गाडीने घरी सोडतो" असं म्हणाला, ज्युडा चालत जाणार हे आठवून ओशाळला, आणि दोघं बाहेर पडले. बाहेर पडता पडता विक्रमने सवयीने दारातला बूट उचलून आत रॅकवर नीट ठेवला.

दार लागलं.

खिडकीच्या बंद काचेतून किल्ली दिसत होती. तिच्या शेजारी विक्रमचा कोट होता. कोटाच्या खिशात गाडीची चावी होती, आणि बाकावर फोन वाजत होता. ज्युडाने खुर्ची भिंतीच्या आडोशाला ओढली आणि विक्रमला बसायला दिली. चांदण्या दिसून शनवार सुटायला अजून पाच तास होते.