पिवळ्या डब्यातली काडतुसं

मोहनरावांनी बंदुकीची दांडी मागे ओढली, करंगळीच्या पेराएवढं काडतूस आत सारलं आणि मागे न बघताच सुनेला आणखी दोन पावलं सरकायला सांगितलं. विजयमाला सरकली. पेरूच्या खोडाला पाठ टेकवून तिने वही गुडघ्यावर उघडली. तीस पावलांवर बांधाला एक फळी टेकवलेली होती, फळीवर कागद, आणि कागदावर वाटी उपडी ठेवून काढलेला गोल. बार झाला तसे शेजारच्या झाडावरचे पोपट उठून कालव्याच्या अंगाला गेले.

"उडालं," मोहनराव म्हणाले. "लिही."

लाल डब्याच्या रकान्यात तिने एक उभी रेघ ओढली. ती सहावी होती.

घोंगडीवर दोन डबे होते. लाल डब्यातली काडतुसं महागाची. पुण्याच्या कॅम्पातला दुकानदार म्हणे, साहेब लोक हीच नेतात. पिवळ्या डब्यातली स्वस्त, शेकड्याला आठ आण्यांनी. मोहनरावांनी परवाना मिळाल्यापासून कायम पिवळाच डबा आणला होता. लाल डबा मागच्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा विकत घेतला आणि दुकानदाराशी घासाघीस केली नाही, हे काटेवाडीत कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. गावात त्यांच्या काटकसरीच्या गोष्टी चवीने सांगितल्या जात. आगपेटीतली काडी उभी चिरून ते एकीच्या दोन करतात, असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं. स्वतः मोहनरावही ते ऐकून हसत. निदान मार्गशीर्षापर्यंत हसत होते.

मार्गशीर्षात केशव गेला. एकुलता एक, चोवीस वर्षांचा. दिवेलागणीला वटवाघळं पेरूवर उतरतात म्हणून तो बंदूक घेऊन बागेत आला होता. बरोबर झुंबर गडी होता. त्याने फौजदारापुढे सांगितलं ते एवढंच, की धाकट्या मालकांनी चाप ओढला, नुसता खटका वाजला, बार झाला नाही. मालक म्हणाले, फुसकं निघालं. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून दांडी उघडायला ते वाकले, आणि तेवढ्यात ते फुसकं काडतूस उडालं. गोळी हनुवटीखालून गेली. पंचनाम्यात 'अपघात' असं लिहिलं गेलं आणि गावानेही तेच मानलं.

केशवच्या आईने मात्र मानलं नाही. तेराव्याच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर द्वारकाबाई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वाचलं न्हवं आठ आणं?" एवढं त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. ताट वाढून पुढे ठेवत आणि आत जात. पाणी मागितलं तर तांब्या येई, शब्द येत नसे. चार महिने हे असं चाललं होतं.

सोमवारी मोहनराव बारामतीच्या कचेरीत बंदूक जमा करणार होते, परवान्यासकट. विजयमालेचा भाऊ गेणू आजच तिला इंदापूरला न्यायला यायचा होता, आणि ती परत येईल असं कुणीच धरून चाललं नव्हतं. त्याआधी मोहनरावांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पिवळी काडतुसं खरोखर दगा देतात का? आपल्या आठ आण्यांनी आपलं पोर मारलं का? सुनेला चार इयत्ता झाल्या होत्या म्हणून वही तिच्याकडे दिली होती. शिवाय घरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. आधी लाल डब्यातली पंचवीस काडतुसं झाली. चोवीस उडाली. एकाला नुसता खटका वाजला. मोहनरावांनी बंदूक बांधाकडे रोखून तशीच धरली आणि मोठ्याने शंभरापर्यंत आकडे मोजले. काही झालं नाही. त्यांनी ते काडतूस काढून घोंगडीवर ठेवलं. विजयमालेने फळीजवळ जाऊन भोकं मोजली. एकवीस गोलात होती.

मग कागद बदलला आणि पिवळा डबा उघडला. पिवळ्या गोळ्यांचा नेम धड नव्हता. एक गोलात, तर दुसरी चार बोटं डावीकडे, तिसरी फळीच्या कडेला. पण उडत होत्या. दहा झाल्या, बारा झाल्या, सतरा झाल्या. प्रत्येक बाराबरोबर मोहनरावांच्या पाठीचा बाक थोडा कमी होत गेला, आणि ते पाहताना विजयमालेला त्यांची इतकी कीव आली की तिने वहीत मान घातली. एकोणिसावं फुसकं निघालं. पुन्हा शंभर आकडे झाले. पुढची सहाही उडाली. पंचविसांत चोवीस, तिकडेही आणि इकडेही.

"किती भरलं?" त्यांनी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा वाचून दाखवलं. गोलात लागलेल्या चौदाच होत्या, तेही सांगितलं.

"नेम न्हाय त्यास्नी. त्याला म्या कवा न्हाय म्हणलं?" मोहनराव म्हणाले. "पर उडायला दोनी सारखीच. साहेबाची बी एक फुसकी. तुझ्या आत्याबाईला वही दाव. माझ्या सांगण्यावर तिचा इस्वास न्हाय."

त्यांचे डोळे भरले होते. ते पुसायला त्यांनी बंदूक झाडाला टेकवली, खाली बसून पसारा आवरायला घेतला. विजयमालेने वेचून दिलेल्या रिकाम्या पुंगळ्या एका फडक्यात बांधल्या. घोंगडीवरची दोन फुसकी काडतुसं उचलली, धोतराला पुसली, एक लाल डब्यातलं आणि एक पिवळ्यातलं, आणि दोन्ही पिवळ्या डब्यात टाकून झाकण लावलं.

विजयमाला बघत होती. हात किती सराईतपणे गेला, हे तिच्या लक्षात आलं.

"ती परत का ठिवली, मामंजी?"

"टाकायची कशाला?" ते म्हणाले. या काडतुसाच्या बुडाच्या कडेत मसाला भरलेला असतो, तो सगळीकडे सारखा पसरतोच असं नाही, म्हणून एका अंगाने पेटलं नाही तर दुसऱ्या अंगाने पेटतं, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात जुनी ऐट आली. काटकसरीच्या गोष्टी सांगताना यायची तीच. "जरा फिरवून लावायचं. दुसऱ्या कडंला मार बसला की धातली नऊ उडत्यात. वरसाला मोजून शंभर काडतुसं मिळत्यात परवान्यावर, टाकून कसं भागंल? म्या केशवाला बी तेच..."

ते मध्येच थांबले. डब्याचं झाकण त्यांनी पुन्हा काढलं, सगळी काडतुसं घोंगडीवर ओतली आणि एकेक उलटून बघू लागले. आताची दोन धरून कडेला मार बसलेली पाच निघाली. तीन जुनी होती.

"मागं सरक," ते म्हणाले.

जुन्यांतलं पहिलं फिरवून लावलं, उडालं. दुसरंही उडालं. तिसऱ्याला खटका वाजला आणि बार झाला नाही. मोहनरावांनी आकडे मोजायला तोंड उघडलं. एक म्हणाले, दोन म्हणाले, आणि बंदूक त्यांच्या हातात दणकली. बांधाची माती उडाली. विजयमालेच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

मोहनराव उभे होते तिथेच खाली बसले. बंदूक त्यांनी मांडीवरून बाजूला केली, नळी बांधाकडे करून. आठ आण्यांचा प्रश्न आता उरलाच नव्हता. लाल डबा आणला असता तरी त्यातलं फुसकं ते असंच पुसून ठेवणार होते, आणि केशवही बापाने शिकवलं तसं ते फिरवून लावणार होता. एकदा मार खाल्लेलं काडतूस, जे कुणीही शहाण्या माणसाने विहिरीत टाकलं असतं.

"फौजदारानं बंदुकीतनं पुंगळी काढली हुती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बंदुकीसंगं कचेरीतनं परत आली. ती तुझ्याकडं हाय न्हवं?"

"हाय."

"तिच्या कडंला माराच्या खुणा किती हाईत? एक का दोन?"

ती पुंगळी विजयमालेने कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती. करंडा आता रिकामाच होता. रोज दुपारी घर निजलं की ती करंडा उघडून पुंगळी तळहातावर घेई. केशवच्या हाताने भरलेली शेवटची वस्तू, म्हणून. तिच्या कडेला दोन खुणा होत्या, एकीसमोर एक, आणि सगळ्याच काडतुसांना त्या असतात असं ती समजून चालली होती. आज दुपारी तिने पन्नासाला दोन कमी इतक्या पुंगळ्या वेचल्या आणि प्रत्येकीला एकच खूण होती. तेव्हाच तिच्या मनात काहीतरी हललं होतं. काय ते आत्ता कळलं.

तिला राग आला. असा राग तिला या चार महिन्यांत आला नव्हता. दैवावर रागवायचं तरी कसं? आता रागवायला समोर माणूस बसला होता, धोतराचा सोगा मातीत लोळवून. बाविसाव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं होतं आणि उरलेलं आयुष्य भावजयीच्या चुलीपुढे जायचं होतं, आणि हे सारं या माणसाने टाकवेना म्हणून एक काडतूस पुसून डब्यात ठेवलं त्यापायी. दोन, एवढा एक शब्द तिला उच्चारायचा होता. तो तिच्या जिभेवर आला होता.

मोहनरावांनी मान वर केली. लेक गेल्याच्या दिवशीही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"एकच," विजयमाला म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"रोज बघती, मामंजी. एकच हाय."

त्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तिने नजर हलवली नाही. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडायला लागले. म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडताना बघवत नाही. विजयमालेने पेन्सिल शोधली, फुसक्या काडतुसांसकट दोन्ही डबे पदरात घेतले आणि वाटेतल्या विहिरीत सगळी काडतुसं एकेक करून टाकून दिली. कचेरीत हिशेब विचारतील म्हणून मोहनराव काही बोलतील असं तिला वाटलं होतं. ते बंदूक खांद्याला लावून मागून चालत राहिले.

घरी द्वारकाबाई सोप्यात तांदूळ निवडत होत्या. सुनेने त्यांच्या पुढ्यात वही ठेवली आणि दोन्ही रकाने बोटाने दाखवत वाचले. महागाची पंचवीस, त्यांतलं एक फुसकं. स्वस्ताची पंचवीस, त्यांतलंही एक फुसकं. पुढच्या तीन काडतुसांबद्दल वहीत काही लिहिलेलं नव्हतं. मोहनराव उंबऱ्याशी उभे होते, आत यायचं की नाही ते न ठरवता.

द्वारकाबाईंनी वही हातात घेतली. वाचता येत नव्हतं तरी त्या उभ्या रेघा त्यांनी बोटाने चाचपल्या.

"खरं हाय का गं ह्ये?"

"व्हय, आत्याबाई. आठ आण्याचा काय बी संबंध न्हाय."

तेवढं तरी खोटं नव्हतं. द्वारकाबाईंनी वही खाली ठेवली. मग सूप बाजूला सारून उठल्या आणि उंबऱ्याकडे न बघता म्हणाल्या,

"सकाळधरनं उपाशी हायसा तुमी. हात धुवून घ्या. भाकरी गार झाली."

मोहनराव जागीच उभे होते. हात धुवायचे असतात हेही त्यांना सुचत नव्हतं. शेवटी विजयमालेने तांब्या आणून त्यांच्या हातावर पाणी घातलं.

तीनच्या सुमाराला गेणू बारामतीहून टांगा घेऊन आला. साडेचारची इंदापूरची मोटार गाठायची म्हणून तो टेकलासुद्धा नाही. विजयमालेने ट्रंक दिली, सासूच्या पाया पडली, सासऱ्यांच्या पाया पडली. मोहनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो त्यांना लवकर काढवेना. द्वारकाबाई म्हणाल्या, ही वाट तुझीच हाय, कवा बी ये. त्या बोलत असताना मागून मोहनरावांनी टांगेवाल्याला जपून नेण्याबद्दल काहीतरी सांगितलं, तर द्वारकाबाई चिडून त्यांना म्हणाल्या, किती यळा सांगता, त्यानं ऐकलं. चार महिन्यांपूर्वी त्या जशा चिडत तशाच.

टांगा कालव्याच्या रस्त्याला लागला. बहिणीशी काय बोलावं ते गेणूला समजत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, शिवंवर माणसं सांगत हुती, मगाशी बागेत कुणीतरी बंदूक उडवत हुतं, ते काय चाललं हुतं?

"मामंजी काडतुसं बघत हुते. महागाची बरी का स्वस्ताची."

"मग?"

"चांगली निघाली," ती म्हणाली. "दोनी चांगली निघाली."

आणि मग तिला रडू आलं, मोठ्याने, रस्त्यावरची माणसं वळून बघतील असं. गेणूने टांगेवाल्याला टांगा जरा हळू घ्यायला सांगितलं.