लिगायाची गाजरं मीच खाल्ली

मी ससा बोलतोय. बोलतोय कसला! आम्हा सशांना देवाने आवाजच दिलेला नाही. कुत्रं भुंकतं, मांजर ओरडतं, आम्ही फार तर मागचा पाय आपटतो. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण या वर्षी एका शब्दासाठी माझा जीव तळमळला, म्हणून हे सगळं सांगतोय.

जपानमधल्या इमाबारी गावातल्या एका बालवाडीच्या अंगणात माझं खुराडं आहे. जन्म शेजारच्या टोफूवाल्याकडचा. सात भावंडांत मीच पांढराशुभ्र, म्हणून त्याने मला इथे दिलं आणि पोरांनी नाव ठेवलं ओकारा. म्हणजे टोफूसाठी सोयाबीनचं दूध गाळल्यावर उरतो तो चोथा. चोथा म्हणून हाक मारलेली कुणाला आवडेल? पण पोरं इतक्या मायेने मारतात की मी उठून जाळीशी येतोच.

दुपारी दोनला बहुतेक पोरं घरी जातात. ज्यांच्या आया कामाला जातात, ती सहापर्यंत थांबतात आणि तीन वाजता ओट्यावर बसून घरून आणलेला छोटा डबा उघडतात. एप्रिलमध्ये त्यांच्यात लिगाया आली. पाच वर्षांची, गुबगुबीत गालांची. फिलिपिन्सची माणसं ती. बाप जहाजाच्या कारखान्यात वेल्डर, आई रोवेना वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते.

पहिल्या दिवशी तिच्या डब्यात पुतो होती. तांदळाच्या पिठाची, गोडसर, वाफवलेली, वर ओलं खोबरं.

"हे काय, ढग?" शेजारच्या केंगोने विचारलं.

"हो. आमच्याकडे ढगच खातात," लिगाया म्हणाली आणि बोटं चाटत बसली. तिला असं जेवताना मी पाहिलं ते तेवढंच.

दुसऱ्याच दिवशी बालवाडीने पालकांना चिठ्ठी दिली. तीनच्या डब्यात गोडधोड नको, अंगाला लागेल असं काही द्या. लिगायाला न्यायला आलेली रोवेना माझ्या खुराड्याशी उभी राहून फोनवर एकेका ओळीचं भाषांतर करून वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"आपल्या पुतोबद्दलच आहे गं हे. काल दिली आणि आज चिठ्ठी! आपल्याला काही कळत नाही असं वाटलं असेल त्यांना."

चिठ्ठी सगळ्यांच्या हातात होती. पण परक्या गावात माणूस आधीच अंग चोरून वागत असतं. कुणी बोट उचललं की ते आपल्याकडेच, असं त्याला वाटतं.

त्या दिवसापासून गाजरं सुरू झाली. रोवेना पहाटे साडेचारला उठून, साध्या सुरीने, एकेका चकतीची पाच पाकळ्यांची फुलं कापायची. सोबत काकडी, कधी मुळा. सगळं कच्चं आणि गारढोण. लिगायाने पहिलं फूल तोंडात घातलं, खूप वेळ चावलं, पण ते काही घशाखाली उतरेना. इथली रीत अशी की रिकामा डबा सेन्सेईंना, म्हणजे बाईंना, दाखवायचा, मग वहीत तारा मिळतो. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या जाळीशी आली.

"ओकारा, भूक लागलीय?"

हावरट जात माझी! मी खाल्लं. सगळं खाल्लं.

संध्याकाळी रोवेनाने डबा उघडला आणि तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "सगळं संपवलंस? शहाणी गं माझी बाय ती!" दुसऱ्या दिवशी डब्यात दोन फुलं जास्त आली. तीही मीच खाल्ली. रोज तारा लिगायाला आणि गाजरं मला.

जूनमध्ये पोरांची वजनं झाली. हौसेने मलाही काट्यावर बसवलं. मी अर्धा किलोने वाढलो होतो, लिगाया एक किलोने उतरली होती. माझं वजन ऐकून पोरं खिदळली. तिचं ऐकून ओगावा सेन्सेई रोवेनाला म्हणाल्या, "हवा बदलली ना, होतं असं." रोवेनाने घाबरून आणखी गाजरं वाढवली.

पुढे तर दुपारच्या डब्यातला भातही तिला जाईनासा झाला. पळणं थांबलं. माझ्या खुराड्याला टेकून नुसती बसायची. जाळीतून मला तिच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची. एवढे लांब कान कुठे झाकू? मी पाय आपटला. रोज आपटला, पंजा दुखेपर्यंत आपटला.

"आज ओकारा खुशीत दिसतोय!" ओगावा सेन्सेई म्हणायच्या.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी जुलैत मी ठरवलं, गाजराला तोंड लावायचं नाही. बेत म्हणजे गाजराची पुंगीच. वाजली तर वाजली, पण या वेळी मोडून खायची मात्र नव्हती.

"खा ना रे," लिगाया रडकुंडीला आली. "नानाय रडेल माझी." आईला ती नानाय म्हणते. मी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलो. वासाने जीव कासावीस होत होता. तिने फुलं गवताखाली सारली. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी गवत बदलताना सेन्सेईंना ढीग सापडला. मी आजारी पडलो असं त्यांना वाटलं. सुकलेली फुलं हातावर घेऊन त्या उभ्या होत्या, तेवढ्यात रोवेना आली. फुलं बघून जागीच थिजली.

"सेन्सेई, ही मी कापली."

मग रोवेना लेकीपुढे उकिडवी बसली. "का नाही सांगितलंस, बाळा?"

"रिकामा डबा बघून तू हसतेस," लिगाया म्हणाली. "इथे आल्यापासून तेवढंच हसतेस."

"पण रोवेनाबाई," सेन्सेई गोंधळून म्हणाल्या, "ती पांढरी पुतो का बंद केलीत? मला वाटलं तिलाच नकोशी झाली."

"चिठ्ठी दिलीत ना तुम्ही."

"ती दरवर्षी सगळ्यांना जाते! पोरं नुसती चॉकलेटं आणतात म्हणून."

रोवेना मातीतच बसली. "तीन महिने," ती म्हणाली. "माझ्या हाताने मी लेकीला तीन महिने उपाशी ठेवलं." तोंडावर हात दाबून रडली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय तोंड दाखवणार होतो?

आज डब्यात पुतो आहे. रोवेना रजा काढून फाटकाच्या भिंतीआड उभी आहे. लिगायाने डबा उघडला, वास घेतला, बराच वेळ नुसतं बघत राहिली. मग सवयीने पाय इकडेच वळले. तिने एक तुकडा मोडला आणि जाळीतून आत धरलाय.

"तू खा. मला भूक नाही."

नको गं पोरी. भूकच विसरलीस का? तारा मिळावा म्हणून नको, आईने हसावं म्हणूनही नको. तुझ्या पोटासाठी खा. एवढा एक घास खा. मी पाठ फिरवून बसलोय. मी बघत नाही.