पाटकऱ्याची सोबतीण

काकूने पाटकऱ्याच्या खोलीची खिडकी धाडकन उघडली आणि म्हणाली, "ऊठ. मरायचंय तर माझं काम करून मर."

बायको गेल्यापासून पाटकरी भिंतीकडे तोंड करून पडलेला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गावात नवी रीत घातली होती. हिंडत्या-फिरत्या म्हाताऱ्यांनी अंथरूण धरलेल्यांची सोबत करायची, त्यांना हाताला काम द्यायचं, जमेल तेव्हा चौकात आणून चार माणसांत बसवायचं. पाटकऱ्याचं नाव निघालं तसे सगळे खाली मान घालून बसले. हात वर केला तो काकूने. म्हातारीने माफ केलं, असं गाव म्हणालं. मी तिचा शेजारी. तिच्या पोटात माफी कधी शिजलीच नव्हती, हे मला ठाऊक होतं.

पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीने सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. काका वारले तेव्हा काकूची पाळी होती. घरात रडारड चाललेली, शेताकडे बघायला कुणी नाही. याने पाणी आपल्या मेहुण्याच्या मळ्यात वळवलं. काकूची कांद्याची रोपं जागच्या जागी करपली. तिने भर चौकात जाब विचारला, तर हा म्हणाला, पाणी सोडलं होतं, दुःखाने बाईला भ्रम झालाय. पाणी त्याच्या हातात, म्हणून गावानेही त्याचीच री ओढली. तेव्हापासून काकू भ्रमिष्ट ठरली. भांडणात तिची साक्ष कुणी धरेना. तिनेही त्याला अहो म्हणणं सोडलं ते कायमचं.

काम होतं दोर वळायचं. त्याला माणसं लागतात दोन. एकाने बसून वाख, म्हणजे घायपाताचे धागे, पुरवायचे, दुसऱ्याने टोक धरून पीळ देत मागे मागे सरकायचं. बसायची काकू. पाटकरी पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत गेला आणि मटकन बसला.

"पाणी वळवताना बरा वाऱ्यासारखा पळायचास," काकू म्हणाली. "चल, ऊठ."

ती रोज जायची, रोज टोचायची. त्याची सून आधी घाबरली, मग सासरा भाकरी मागून खायला लागला तशी गप्प झाली. दोर लांबत लांबत अंगणात आला, मग बोळात. काकूने त्याला एकच अट घातली होती. चार माणसांत खरं बोल, त्या दिवसापासून मी तुझा उंबरा चढणार नाही. पाटकरी ऐकायचा आणि पीळ देत राहायचा. काकू मला म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ. सुनेने मात्र मला वेगळंच सांगितलं. सासरा तिला म्हणाला होता, बोललो तर म्हातारी यायची थांबेल.

शेवटी काकू त्याला चौकात घेऊन आली. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. पारावर शिंपी बसला होता, पाटकऱ्याचा जुना दोस्त. त्याला चेष्टेची भारी हौस. तो म्हणाला, "पाटकरी, हिच्या नादाने चालतोस, पण जपून हो. हिला नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही."

माणसं हसली. काकू हसली नाही, रागावलीही नाही. तिला सवय होती.

काठी रोवून पाटकरी म्हणाला, "तिला दिसलं ते खरं होतं. पाणी मी वळवलं. खोटं मी बोललो."

शिंप्याने चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला. काकूने पदर खांद्यावर नीट घेतला, सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. नर्सबाई विनवायला आल्या, तर म्हणाली, माझं काम झालं.

ऊन चढल्यावर पाटकरी एकटाच काठी टेकत आला. खांद्यावर वाखाची जुडी. काकूच्या अंगणात उभा राहिला, हाक काही मारली नाही. काकू आत धान्य निवडत होती. मी म्हटलं, काकू, म्हातारा उन्हात उभा आहे, भोवळ येऊन पडेल.

तिने सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.

"माझी रोपंही अशीच उभी होती. त्यांना पाय नव्हते. याला आहेत, जाईल घरी."

पाटकरी गेला नाही. आणि काकूनेही दार लावून घेतलं नाही.